कारैकालची बाटली आणि काकांचे नाक

काका गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पापनाशमच्या शेतावर पाणी वळवून घेत होते. आमच्या वाट्याला कालव्याचे पाणी आठवड्यातून एकदाच येते, तेही संध्याकाळपर्यंत. भाताच्या गिरणीचा पहारेकरी बांधावर सायकल टेकवून उभा राहिला आणि त्याने डोक्याचे फडके काढून हातात घेतले, तेव्हाच मी समजले. तंजावूरहून गिरणीत तार आली होती. सकाळची कॉफी पिऊन काका झोपाळ्यावर बसले होते, ते बसलेलेच राहिले... मी त्याला सावलीत बसवले, उरलेल्या दोन वाफ्यांना पाणी दिले, बांध बुजवला आणि मग गाडी धरली. याबद्दल नंतर नातेवाइकांत पुष्कळ बोलणे झाले. अर्धे पाणी टाकून आले असते तर बोलायला एकटे काका पुरले असते, एवढेच मी त्यांना सांगितले.

काकांचे नाव कुप्पुस्वामीराव. पुण्यामुंबईच्या वाचकांना हे नाव चमत्कारिक वाटेल, पण आम्ही तंजावूरचे मराठी लोक दोनशे वर्षांहून अधिक काळ इथे आहोत. देव इथले, नावे इथली, स्वयंपाकघरातले अर्धे शब्द तमिळ. मराठी बोलतात सगळे, देवनागरी वाचणारे थोडे. मला ती काकांनीच शिकवली, म्हणून हे लिहिता येते आहे. काका माझ्या वडिलांचे धाकटे बंधू. मी सव्विसाव्या वर्षी विधवा होऊन राजवाड्याजवळच्या आमच्या गल्लीत परत आले, त्याआधीच काकू गेल्या होत्या आणि वडीलही. घरात आजी, काका आणि मी. माझ्या नवऱ्याची पापनाशमची जमीन मी बघायची ठरवले, तेव्हा आजी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. काका म्हणाले, "छत्री घेऊन जा." एवढीच आमची त्या विषयावरची चर्चा.

त्यांचा व्यवसाय म्हणजे भात पारखणे. पापनाशमच्या गिरणीत बैलगाड्यांतून गोण्या उतरत, काका गोणीत लोखंडी पन्हळ खुपसून मूठभर भात काढत, हातावर चोळत आणि नाकाशी नेत. एकदा मी माझ्याच गोण्या घेऊन तिथे उभी होते. पुढच्या शेतकऱ्याचा भात हुंगून काका त्याला म्हणाले की हा कुडमुरुट्टी नदीच्या काठचा आहे, कापणीनंतर याने एक पाऊस खाल्ला आहे, आणि या गोणीत पूर्वी मिरची होती. शेतकऱ्याने पाऊस कबूल केला, मिरची नाकारली. त्याच्या बायकोने गाडीतूनच त्याला सांगितले की मिरची होती, तुम्हाला घरातले काय ठाऊक. तमिळमध्ये नाकाला मूक्कु म्हणतात. सगळा तालुका काकांना 'मूक्कु राव' म्हणायचा, तोंडावरसुद्धा. काका म्हणाले की भात चांगला, म्हणजे चांगला. घेणारा आणि देणारा, दोघेही पुढे बोलत नसत. मी फारशा गोष्टींनी भारावून जात नाही. या गोष्टीने जायचे.

गिरणीच्या कामासाठी काका महिन्या-दोन महिन्यांनी कारैकालला जात. ते गाव फ्रेंचांचे. मायावरमला गाडी बदलायची, पेरळमला आणखी एकदा, आणि पुढे इंग्रजांचे राज्य संपून फ्रेंचांचे सुरू होते. शेत तेच, नारळ तेच, पोलिसाची टोपी तेवढी निराळी. तिथे बंदराजवळ सवरिमुत्तू नावाच्या तमिळ ख्रिस्ती व्यापाऱ्याचे दुकान होते. तो फ्रान्सहून वाइन मागवायचा. मूक्कु रावांची कीर्ती ऐकून त्याने एकदा गंमत म्हणून त्यांच्यापुढे दोन पेले ठेवले. काकांनी हात न लावता नुसते वाकून हुंगले आणि विचारले, ही दुसरी बाटली रॉकेलच्या डब्यांजवळ ठेवली होती का? सवरिमुत्तू उठून आत गेला, बघून आला आणि काकांना त्याने नमस्कारच केला. तेव्हापासून पेटी फुटली की काकांनी हुंगल्याशिवाय तो बाटली विकत नसे.

घरी हे कळल्यावर मोठा प्रसंग उभा राहिला. काका काही लपवत नसत, त्यामुळे आजीला कळायला वेळ लागला नाही. आजीने त्यांच्याकडून शपथ घेतली की ओठाला थेंब लागू देणार नाही. काकांनी दिली. पण आजीचे समाधान होईना. वास घेणे म्हणजे अर्धे जेवणे, असे शास्त्र सांगते. मग दारूचा वास घेणे म्हणजे अर्धी दारू पिणे नव्हे काय? उपाध्यांना बोलावले. त्यांनी दोन वेळा कॉफी घेतली आणि निर्णय दिला की पाप अर्धे, तेव्हा प्रायश्चित्त साधे: प्रत्येक वेळी घरात येण्यापूर्वी विहिरीवर स्नान. काकांनी तो नियम वीस वर्षे पाळला. थंडीतापातही पाळला. गोविंदराव त्यांना चिडवत, "राव, अर्ध्या पापाला अर्धीच आंघोळ पुरे. कमरेपर्यंत करा, वरचं पुढच्या खेपेला." काका म्हणत, "नाक वर आहे, गोविंदराव. खालच्या अर्ध्याचा काय अपराध?"

हे गोविंदराव आमच्या गल्लीतलेच. त्यांचे आजोबा राजांच्या तोफखान्यात होते. राज्य खालसा झाले, तोफा गेल्या, ऐट तेवढी घरात राहिली. दुसरे म्हणजे डॉक्टर पंचापकेशन, तंजावूरचेच तमिळ, जहाजाच्या नोकरीत जग बघून आलेले. वाइनचे वेड या दोघांचे. दारूबाज कोणीच नव्हते. महिन्याकाठी एक बाटली आणि तिच्यावर तीन तासांचे बोलणे. बाटली आणणारे काका आणि न पिणारेही काकाच. येताना ते बाटली ओल्या पंचात गुंडाळून मांडीवर आडवी धरत, मायावरमच्या फलाटावर पंचा पुन्हा भिजवत. सरहद्दीच्या चौकीवर लोक रेशीम, घड्याळे, अत्तरे कुठे कुठे लपवून आणत. काका बाटली आधीच हातात धरून उभे राहत आणि जकात भरत. मी एकदा विचारले तर म्हणाले, "लपवायची म्हणजे उलटीपालटी करावी लागते. उघड आणली की न हलता येते." घरी आल्यावर ती दहा दिवस पाण्याच्या रांजणाखालच्या ओल्या वाळूत निजायची. गाडीने ढवळलेले निवळू द्यायचे. आजीने सोवळ्यातला रांजण निराळा करून घेतला आणि बाटलीकडे पाहायचे नाही असे ठरवले. ठरवून ती रोज पाहायची.

मग रविवारी दुपारी गोविंदरावांच्या थंड फरशीच्या सोप्यात बैठक. काकांनी आधी हुंगायचे, काय आहे ते सांगायचे, मगच त्या दोघांनी पेला उचलायचा. मी आणि गोविंदरावांची बायको आतल्या दाराशी बसून तांदूळ निवडत ऐकत असू. काका सांगत: जांभळाची साल. बंद कपाटातले चंदन. एकदा म्हणाले, नांगरल्यावर दुसऱ्या दिवशीची माती, पहिल्या दिवशीची नव्हे. डॉक्टर डोळे मिटून घोट घेत आणि नुसती मान हलवत. जन्मात थेंब न चाखलेला माणूस पिणाऱ्यांना ते काय पीत आहेत हे सांगतो, आणि ते तसेच निघते... मी तांदूळ निवडायची थांबायची, हे मला आठवते.

लढाई सुरू झाली, फ्रान्स पडला, कारैकालला जहाज येईना. आजीही त्याच सुमारास गेली. पुढे एका पंगुनी महिन्यात, म्हणजे फाल्गुन-चैत्राच्या सुमारास, काकांना मोठा ताप आला. एकवीस दिवसांनी उठले, हाडांचा सापळा होऊन. हिंडूफिरू लागले, गिरणीतही जाऊ लागले. त्यानंतर एका सकाळी माझ्या हातून दूध करपले. ओतून द्यायला मी ते बाजूला ठेवले होते, आणि मी परसात असताना काकांनी त्याचीच कॉफी करून घेतली. मी आले तेव्हा ते पीत बसले होते. घरभर करपट वास आणि हे शांतपणे पीत आहेत. कॉफीत साखर कमी असली तरी सांगणारा माणूस. "दूध कसं आहे?" मी विचारले. "बरं आहे की," ते म्हणाले आणि माझ्याकडे न पाहता पेला विसळायला गेले. मला कळले. मला कळले हे त्यांनाही कळले असावे. आम्ही दोघेही बोललो नाही.

बोलायला हवे होते. त्या महिन्यांत गिरणीतली एक मोठी थप्पी आतून कुबट निघाली, तांदूळ पिवळा पडला. भात घेताना मूक्कु रावांनी चांगला म्हटला होता, म्हणजे तो चांगलाच असणार. दोष कोठारावर आला. कोठाराचा राखणदार मुनियांडी, त्याने कौले नीट शाकारली नाहीत म्हणून मालकांनी त्याला काढून टाकले. काका त्या दिवशी घरी आले आणि जेवले नाहीत. पोटाचे कारण सांगितले. नाकावर ज्याचे सगळे आयुष्य उभे, त्याने ते गेले हे कसे म्हणावे, असा विचार मी केला आणि गप्प राहिले. मुनियांडीचा विचार मी केला नाही. तो काका करत होते, हे मला पुढे समजले.

तशात सवरिमुत्तूचे पत्र आले. दुकानात लाल वाइनच्या शेवटच्या दोन बाटल्या उरल्या आहेत. एक मी ठेवतो, एक तुमच्या मंडळींसाठी. कोणती न्यायची ते तुम्हीच ठरवा. काका अशक्त होते, म्हणून मी बरोबर गेले. सवरिमुत्तूने दोन्ही बाटल्यांच्या तोंडावरची लाख आमच्यासमोर काढली. एरवी काका बुचाशी नाक नेत आणि लगेच सांगत. त्या दिवशी त्यांनी एक बाटली हुंगली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली... फार वेळ. मी हातभर अंतरावर उभी होते. डावीच्या बुचातून आंबूस वास येत होता. दोन दिवसांच्या ताडीला येतो तसा, शेतावर राबणाऱ्या बाईला ओळखता येईल असा. काकांनी डावीवर हात ठेवला. सवरिमुत्तूने माझ्याकडे पाहिले आणि मी दुसरीकडे पाहिले. वडील माणसाला परक्यासमोर खोडून काढायचे नाही, हे आमच्या हाडात मुरलेले. चूक होती. परतीच्या गाडीत त्यांनी ती बाटली मांडीवर आडवी धरली, मायावरमला मी पंचा भिजवून आणला.

दहा दिवसांनी रविवारी गोविंदरावांकडे बैठक बसली. लढाई संपेपर्यंतची ही शेवटची बाटली, म्हणून गोविंदरावांनी जरीची पगडी घातली होती. डॉक्टर नवे धोतर नेसून आले होते. बूच काढले आणि तो वास आतल्या दारापर्यंत आला. गोविंदरावांच्या बायकोने माझा हात धरला. काकांनी पेला नाकाशी नेला, डोळे मिटले आणि सांगू लागले: जांभळाची साल, चंदन, माती. पूर्वीच्या बाटल्यांचे ते शब्द होते. मला पाठ होते, त्या दोघांनाही असणार. मग गोविंदरावांनी पेला उचलला, मोठा घोट घेतला आणि म्हणाले, "वा, राव. अशी पूर्वी आणलीच नव्हतीत." डॉक्टरांनीही पेला तोंडाला लावला. त्यांनीही मान हलवली.

काका त्यांच्याकडे पाहत होते. भात पारखणारा माणूस नुसत्या नाकाने पारखत नाही, देणाऱ्याचा चेहराही बघतो. डॉक्टरांचा कंठ हलला नव्हता. घोट तोंडातच होता.

काकांनी आपला पेला उचलला आणि प्यायले. अर्धा नव्हे, सगळा. साठी उलटलेला माणूस, आईला दिलेली शपथ, वीस वर्षांच्या आंघोळी... गोविंदराव अर्धे उठले आणि तसेच राहिले. जिभेला आंबट कळत होतेच. काकांनी पेला पालथा ठेवला.

"ही नासलीय," ते म्हणाले. "माझं नाक पंगुनीतच गेलं. चार महिने मी तुम्हाला खोटं सांगतोय. सगळ्यांनाच."

"राव, असू द्या हो," डॉक्टर म्हणाले. त्यांनी आता तो घोट गिळला होता. "आम्ही काय, म्हातारे. आम्हाला तरी काय कळतंय?"

"तुम्हाला कळतंय. म्हणून तर तोंडात धरलंत." मग दाराकडे न वळताच मला, "आणि अंबू, तुलाही कळलं होतं कारैकालला. बोलायचं होतंस गे."

घरी आल्यावर ते विहिरीवर गेले. आजी नव्हती, नियम लावणारे कोणी नव्हते, तरी ते बराच वेळ घागरीमागून घागर ओतत राहिले. मी कोरडा पंचा कठड्यावर ठेवला आणि आत आले.

दुसऱ्या दिवशी ते गिरणीत गेले. मीही गेले. मालकांना खोलीत गाठून हळूच सांगता आले असते. काकांनी तसे केले नाही. गाड्या उतरण्याची वेळ होती, अंगणात चाळीस-पन्नास शेतकरी होते. त्यांनी वजनाच्या काट्याजवळ उभे राहून तमिळमध्ये सांगितले की आपले नाक गेले आहे, पंगुनीपासून आपण घेतलेली प्रत्येक थप्पी पुन्हा तपासावी, आणि कुबट निघाली त्यात मुनियांडीचा दोष नाही. तो भात येतानाच ओला होता, आपल्याला कळला नाही. मग हातातली लोखंडी पन्हळ मालकांपुढे ठेवली. मालक भलतेच चिडले. शेतकऱ्यांत मात्र कोणी हसले नाही. ज्याला पूर्वी त्यांनी मिरचीची गोणी सांगितली होती तो पुढे आला आणि काकांच्या पाठीमागून फाटकापर्यंत चालत राहिला. मी अनेक पुरुषांना संकटात पाहिले आहे. बहुतेक जण कोणीतरी विचारण्याची वाट पाहतात. यांना कोणी विचारले नव्हते. विचारणारही नव्हते.

मुनियांडीला परत घेतले. तो केळ्यांचा घड घेऊन घरी आला आणि काकांवरच रागावला. तमिळमध्ये मोठ्या माणसाला अय्या म्हणतात. तो म्हणाला, "अय्या, तुमचं नाव घालवून मला कशाला आणलंत? मला कुठंही काम मिळालं असतं." काका म्हणाले, "घड खाली ठेव, खांदा दुखेल." आणि त्याला जेवायला थांबवून घेतले.

महिन्याभराने, एका सकाळी, दारात सवरिमुत्तू उभा. दुकान सोडून हा माणूस कधी सरहद्दीपलीकडे गेल्याचे मी ऐकले नव्हते. ओल्या पंचात गुंडाळलेली बाटली दोन्ही हातांवर आडवी. त्याने स्वतःसाठी ठेवलेली ती उजवीकडची. काका म्हणाले, "मला हिचा काय उपयोग?" सवरिमुत्तू म्हणाला, "इतकी वर्षं तुम्ही आम्हाला सांगितलंत. आता आम्ही तुम्हाला सांगू." त्याने दहा दिवस थांबायचीही तयारी ठेवली होती, डॉक्टरांकडे राहिला. बैठक या वेळी आमच्या ओसरीवर भरली. एकेकाने पेला हुंगून काकांना सांगायचे. डॉक्टर बोलताना अडखळले. गोविंदरावांनी इतके सुंदर काहीतरी सांगितले की काका म्हणाले, हे पाठ करून आलात. मग त्यांनी पेला माझ्याकडे द्यायला लावला. मी कधी हुंगले नव्हते. मला जे आले ते सांगितले: पावसात भिजून वाळलेली वही. शाई थोडी पसरलेली. काका हसले, तापानंतर पहिल्यांदा. "हे खरं," ते म्हणाले, "हे तिला दुसऱ्या कोणी सांगितलेलं नाही." स्वतः त्यांनी ओठ लावला नाही. एकदा मोडलेली शपथ त्यांनी पुन्हा धरली होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला धरले. शेतावरून येताना मूठभर भात आणायचा आणि वास सांगायचा. "चांगला आहे" म्हटलेले चालत नसे. "चांगला हा वास नव्हे. ओला? किती दिवसांचा ओला? भाताचा वास की गोणीचा? गोणी दूर ठेव, हात धू, परत घे." ज्याला कसलाच वास येत नव्हता तो माणूस नुसते प्रश्न विचारून मला वास शिकवत होता. मी चुकले की त्यांना कळायचे. कसे, ते मला अजून समजलेले नाही. कदाचित मी अंदाज करते तेव्हा लवकर बोलते. वर्षभराने तंजावूरच्या आसपासचे शेतकरी गिरणीत जाण्याआधी तळहाताएवढ्या फडक्यात भाताची पुरचुंडी बांधून आमच्या ओसरीवर येऊ लागले. मी हुंगायची, मोठ्याने काकांना सांगायची, काका झोपाळ्यावरून दोन प्रश्न विचारायचे, मी पुन्हा हुंगायची. शेवटच्या वर्षात ते प्रश्न विचारत नसत. फक्त ऐकत.

काकांना जाऊन आता सहा आठवडे झाले. पुरचुंड्या येतातच, सध्या कापणीचे दिवस आहेत. मी हात धुऊन बसते, मूठ नाकाशी नेते आणि जो वास आला तो झोपाळ्याकडे तोंड करून मोठ्याने सांगते. मग थोडी थांबते, आणि बहुतेक वेळा परत हुंगावेसे वाटते. समोरचा शेतकरी मुकाट्याने वाट बघतो. शेतकऱ्यांना वाटते, तिकडे तोंड करून मोठ्याने सांगणे आणि थांबणे हा पारखण्याचाच भाग आहे. परवा पापनाशमला एक म्हातारा आपल्या सुनेला भात दाखवत होता, तोही रिकाम्या भिंतीकडे तोंड करून वास सांगत होता. मी त्याला दुरुस्त केले नाही.